तिरप्या दाराची किल्ली

सॉयर्स कोव्ह, मेन
१९ नोव्हेंबर १९७९

मर्ल,

तू फ्लोरिडात पाय पसरून संत्री सोलत बसला असशील. बस बापडा. पण एकावन्न साली तू स्वतःच्या हाताने माझ्या तळघरात बसवलेली तेलाची भट्टी धूर ओकायला लागलीय, तेव्हा जरा पाय जवळ घे आणि नीट वाच.

फोन करत नाही, कारण आमच्या फोनच्या लाइनवर अजून पाच घरं आहेत, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. मी "हॅलो" म्हटलं की ब्यूला शेजारीण श्वास रोखून ऐकते. संध्याकाळपर्यंत गावभर होतं की लिओला फिकेटचं घर पेटलं. आणि हे वेंडेलच्या कानावर जायला नकोय. तसं ते गेलंच आहे, पण आणखी नको.

झालं असं. गेल्या शनिवारी सकाळी घेवड्याचं मडकं चुलीत सरकवलं, गुळाच्या पाकाचा हात पुसला, आणि बघते तर भट्टीची ऊब वर येते त्या जमिनीतल्या जाळीतून काळा धूर वर येतोय. पडद्यांवर काजळी. एल्डेनच्या फोटोला मिशा फुटल्या. तुझ्या भावाने जन्मात मिशी ठेवली नाही, मेल्यावर आली. त्याच्या आधीच्या शनिवारीही थोडं झालं होतं, तेव्हा मी बोलले नाही.

नेमका त्याच दिवशी वेंडेल बँगोरहून आलेला. त्याला तर निमित्तच हवं होतं. म्हणाला, "आई, आता पुरे. त्र्याहत्तर वर्षांची बाई, एकटी, आणि खाली ही म्हातारी भट्टी. हा प्रकार नववर्षाच्या आत थांबला नाही तर घराला कुलूप, आणि तू बँगोरला." बँगोरला म्हणजे त्याच्या घरी नाही रे. त्याच्या बायकोने, जॉयसने, एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तिथे खिडक्या उघडत नाहीत आणि जेवण साडेचारला मिळतं. मी काय कोंबडी आहे साडेचारला जेवायला?

पोरगा वाईट नाही, हे लिहिलंच पाहिजे. तेलाचे भाव भडकले म्हणून यंदा ऑक्टोबरात तीन दिवस रजा काढून आला आणि घराला असं लपेटून दिलं की बघत राहावं. आपण नेहमी घराच्या पायाभोवती थंडी अडवायला फरच्या झाडाच्या फांद्या रचतो, त्याच्या आतून त्याने जाड प्लास्टिक ठोकलं. तळघराच्या खिडक्या बुजवल्या, दगडांच्या फटीफटीत काचेचा कापूस कोंबला. घोट्याला वारा लागत नाही आता. तेव्हा माया आहे. पण मायेपोटी मला कोणी डब्यात बंद करू म्हणेल, तर ते चालायचं नाही.

मी या घरात नवरी म्हणून आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि तुझं नाक वाहत होतं. मी जाईन ती इथूनच, आणि पाय पुढे करून, पेटीतून. काय करायचं ते कळव.

लिओला

---

लेकलँड, फ्लोरिडा
२४ नोव्हेंबर १९७९

वहिनी,

नाक अजून वाहतं. संत्री मला सोसत नाहीत. पत्र वाचून हातातला कप खाली ठेवला, म्हणून आधी कामाचं लिहितो, थट्टा मागाहून.

धूर दिसला की तळघरात उतरायचं नाही. जिन्याच्या डोक्यावर भिंतीत लाल पट्टीचा खटका आहे, मीच लावलाय, तो आधी खाली ओढायचा. मग दारं-खिडक्या उघडायच्या, थंडी गेली खड्ड्यात. खोल्यांत धूर भरला असेल किंवा जरा जरी गरगरलं, तर टोपी शोधत बसू नका. जशा असाल तशा ब्यूलाकडे जा आणि तिथून बंबवाल्यांना फोन करा. ती तशीही लाइनवर असेलच.

दुसरं. भट्टीच्या अंगावर एक छोटं बटण आहे. भट्टी आपोआप बंद पडली तर ते एकदा दाबायचं. एकदाच. नाही पेटली तर हात मागे घ्यायचा आणि माणूस बोलवायचा. प्रत्येक दाबण्यासरशी आत तेलाची फवारणी होते, ते साचतं, आणि मग जेव्हा ठिणगी पडते तेव्हा सगळं एकदम धडाडतं. मी सदतीस वर्षांत असली अकरा तळघरं साफ केलीत. एका ठिकाणी धुराचा नळ निखळून पार भिंतीत रुतला होता. आणि भट्टीचं दार उघडून आत डोकावायचं नाही, तिथे बघण्यासारखं काही नसतं. आजूबाजूचे जुने पेपर, रॉकेलचा डबा, वाळत घातलेले कपडे हलवा.

आता कारण. इथून माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण सहसा तेल फवारणारं नोझल झिजतं, नाहीतर फिल्टर तुंबतो, नाहीतर धुराड्यात पाखरांचं घरटं असतं. तेलवाल्यांचा पॉटल अजून कामावर आहे ना? त्याला बोलवा. माणूस घुम्या आहे, पण हात चांगला. मीच शिकवलाय.

साडेचारला इथे पण जेवण असतं, वहिनी. सवय होते.

मर्ल

---

सॉयर्स कोव्ह
३ डिसेंबर १९७९

मर्ल,

तुझा पॉटल गुरुवारी आला. दीड तास खाली होता. नोझल नवं, फिल्टर नवा, धुराडं झाडून काढलं, घरटं नाही. भट्टी चालवून दाखवली. कसली चालली म्हणून सांगू! धुराड्यातून वाफेची रेघसुद्धा नाही. त्याने ती पंपाची नळी लावून पांढऱ्या कागदावर धूर ओढून बघितला, कागद पांढरा तो पांढराच. त्याने तो मला शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखा दाखवला आणि गेला. मी त्याला गुळाच्या पाकाची बिस्किटं बांधून दिली.

शुक्रवार बरा गेला. शनिवारी घेवडा शिजायला ठेवला, वेंडेल आणि जॉयस जेवायला येणार होते, आणि अकराच्या ठोक्याला जाळीतून परत काळं कुट्ट. मी तू सांगितलंस तसा खटका ओढला, खिडक्या उघडल्या. तेवढ्यात हे दोघं दारात. जॉयसचा पांढरा कोट होता. होता म्हणजे अजून आहे, पांढरा नाही.

वेंडेलने तिथल्या तिथे पॉटलला फोन लावला. तो म्हणाला, भट्टी उत्तम आहे, मी गुरुवारी कागद काढलाय. वेंडेलने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी काचेचा पेला फोडून लपवलाय. "आई, खरं सांग. तू खाली जाऊन काही चाळे करतेस ना? माणूस असतो तेव्हा नीट चालते, तू एकटी असलीस की बिघडते. मग काय समजायचं आम्ही?"

चाळे! मी! ज्याची दुपटी धुतली तो मला चाळे म्हणतो! मी म्हटलं, "जेवायचं असेल तर बस, नाहीतर बँगोरला जाऊन साडेचारची वाट बघ." बसला. दोनदा वाढून घेतलं. पण जाताना डॉक्टरचा विषय काढून गेला, म्हणजे भट्टीच्या नाही, डोक्याच्या डॉक्टरचा.

मला वेड लागलेलं नाही, मर्ल. धूर आहे. मी बँकेच्या कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवल्यात. आता आणखी काय बघायचं ते सांग.

लिओला

---

लेकलँड
८ डिसेंबर १९७९

वहिनी,

पॉटलचा कागद पांढरा असेल तर भट्टी चांगली आहे. कागद खोटं बोलत नाही. तेव्हा मनात येतं ते विचारतो, रागावू नका. बटण किती वेळा दाबलंत?

मला तुम्ही माहीत आहात. एल्डेन नको म्हणत असताना बोट घेऊन एकट्या बेटावर गेला होतात आणि परत येऊन "कोण गेलं होतं?" म्हणालात. खरं लिहा.

दुसरं, टाकीच्या तळाशी पाणी साचलं असेल. थंडीत तेलात पाणी आलं की भट्टी अडखळते, धूर करते. पॉटलला टाकी तपासायला सांगा.

आणि आणखी एक. वेंडेल मूर्ख नाही. दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी मला हेच म्हणाली होती. मी पंधरा दिवस तणतणलो आणि मग हो म्हटलं. आता इथे ऊन आहे, बर्फ उपसायला लागत नाही, शेजारी पत्ते खेळायला बोलावतात. घर म्हणजे शेवटी दगड-लाकूडच. कदाचित एक हिवाळा जाऊन बघायला हरकत नाही. वसंतात परत या.

मर्ल

---

सॉयर्स कोव्ह
१७ डिसेंबर १९७९

मर्ल फिकेट,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. चांगलं पेटलं, धूर झाला नाही.

वसंतात परत या म्हणे! एखादा तरी वसंतात परत आलाय का? तू आलास? तुझ्या घरात आता पोर्टलंडची माणसं उन्हाळ्यात येऊन लाल पेयं पितात आणि तुझ्या बाबांच्या कोळंबीच्या छपरात सायकली ठेवतात. मी तुला भट्टी दुरुस्त करायला सांगितली होती, मला दुरुस्त करायला नाही.

आता बटणाचं. दाबलं. एकदा नाही. पंधरा तारखेच्या शनिवारी ती बंद पडली, घर गारठलं, आणि खिडकीबाहेर ब्यूला आत तोंड करून उभी. मी खाली गेले आणि चारदा दाबलं. चौथ्यांदा असा धडाका झाला की कपाटातल्या बशा नाचल्या आणि नळाचा सांधा सुटला. झाला आता आनंद? बारा तारखेला पॉटलने टाकी बघितली होती, पाणी थेंबभर नाही. त्याही दिवशी भट्टी त्याच्यासमोर देवळातल्या मेणबत्तीसारखी चालली. रविवारी येऊन त्याने सांधा बसवला, आतलं तेल पुसलं, मला एक शब्द बोलला नाही. घुम्या माणसाचा हा एक गुण आहे.

वेंडेलला हे सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तर तू मला मेलास.

बाकी मी ठणठणीत आहे. शनिवारी जरा डोकं धरतं, पण ते जॉयसच्या अत्तराने. ती बाई येऊन गेली की दुसऱ्या दिवशी चर्चला जाईपर्यंत कपाळ ठणकतं, चर्चमध्ये बसलं की उतरतं. मळमळतंही, पण वयाला घेवडा जड जातो म्हणतात. आणि कॅप्टन, माझा बोका, भट्टीच्या उबेला झोपायचा तो आता तळघराचं नाव काढत नाही. शनिवारी तर दार ओरबाडून बाहेर जातो. त्यालाही अत्तर आवडत नसावं.

उत्तर पाठवू नकोस. तुला सवय झालीय, राहा.

लिओला

---

तार
लेकलँड, शनिवार २२ डिसेंबर १९७९

लाल खटका बंद करा. अत्तर नव्हे. विषारी वायू. बोका घ्या आणि घराबाहेर पडा. आत्ता. मर्ल

---

सॉयर्स कोव्ह, मुक्काम ब्यूलाच्या घरी
२७ डिसेंबर १९७९

मर्ल,

तू तार पाठवलीस, पण एवढं तरी माहीत असावं की मॅकायसचा तारवाला हल्ली तार घरी आणत नाही, फोनवर वाचून दाखवतो. आणि फोन कोणाच्या लाइनवर आहे ते मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

सकाळचे साडेदहा. घेवडा चुलीत. धूर दिसत नव्हता बरं का, अजिबात नाही. मी बाकावर आडवी झाले होते, कारण डोक्यात कोणी घण घालत होतं. फोन वाजला, पाय जड झाले होते, कशीबशी उठले. तारवाला वाचायला लागला आणि मला शब्द ऐकू येत होते पण अर्थ लागत नव्हता. "विषारी वायू" म्हटल्यावर मी म्हटलं, "चुकीचा नंबर." आणि लाइनवरून ब्यूला किंचाळली, "लिओला, खटका! खटका ओढ बये आणि बाहेर नीघ!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईचं ऐकलं. खटका ओढला. बोका आधीच दाराशी होता. पायरीवर बर्फात बसले आणि तिथेच ठेवलेल्या एल्डेनच्या जुन्या बुटांत ओकले. दहा मिनिटांत अख्खी लाइन अंगणात. ब्यूला हातातलं लाटणं घेऊन, दोन खेकडेवाले, बंबवाले. कोणाला काही सांगावंच लागलं नाही, सगळ्यांनी ऐकलं होतं! डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर मग भट्टीचा प्रश्नच उरला नसता.

हे एक कबूल करते. तू माझा जीव वाचवलास. पुन्हा लिहिणार नाही, नीट वाचून घे.

पण आता मला हरवलंय रे त्यांनी. बंबवाल्यांनी तळघराचं बाहेरचं तिरपं दार उघडलं, हवा खेळवली, पॉटलला बोलावलं. त्याने तिथूनच आत उतरून भट्टी लावली. आणि ती काय चालली म्हणतोस! कागद पांढरा फटक! माझ्या बाजूने साक्ष द्यायला एक धुराची रेघ नाही. वेंडेल दुपारी पोचला, चेहरा पिठासारखा, मला मिठी मारून रडला आणि डोळे पुसून सरळ घराला कुलूप लावलं. नवं कोरं पितळी कुलूप, गाडीत घेऊनच आला होता. नाताळ ब्यूलाकडे झाला. तिचा घेवडा गोड मिट्ट असतो. पंधरा जानेवारीला वृद्धाश्रमाची खोली ठरलीय. कागद तयार आहेत, माझी सही राहिलीय.

मी सही करणार नाही. पण मर्ल, कारण सापडलं नाही तर न सही करून मी जाऊ कुठे? त्या घरात मला मरायचंय, पण त्या घराने मला मारायला नकोय. दोन्हींत फरक आहे, आणि तो मला वेंडेलला समजावता येत नाही.

लिओला

---

लेकलँड
२ जानेवारी १९८०

वहिनी,

मी गाढव आहे. सदतीस वर्षं भट्ट्या बघितल्या आणि तुमचं पहिलंच पत्र नीट वाचलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटत बसलो. काल रात्री जेवल्यावर (साडेचारला जेवलं की रात्र फार मोठी असते) सगळी पत्रं पुढ्यात मांडली आणि एका वाक्यावर बोट अडकलं. पॉटल "तिथूनच आत उतरला."

पॉटल दर वेळी तिरप्या दारानेच येतो ना? येणारच. काजळी ओढायचं यंत्र आणि डबे घेऊन कोणी स्वयंपाकघराच्या जिन्याने उतरत नाही, मीही कधी उतरलो नाही. आणि काम होईपर्यंत दार उघडं ठेवतो, नळी बाहेर काढायला. म्हणजे तो असतो तोवर तळघराला बोगद्याएवढं तोंड असतं. तो जातो, दार लावतो, आणि तोंड बंद.

वहिनी, आग हवा खाते. त्या तळघराच्या दगडांत साठ वर्षं मांजर जाईल एवढ्या फटी होत्या, आणि फरच्या फांद्यांतून वारा गाळून येतो, थांबत नाही. म्हणून मी कधी वेगळी हवेची वाट ठेवली नाही. लागलीच नाही. यंदा वेंडेलने प्लास्टिक ठोकलं, फटी बुजवल्या, खिडक्या बुजवल्या. अति तिथे माती. भट्टी गुदमरली.

आणि शनिवार? तुम्ही शनिवारी दिवसभर लाकडाची चूल पेटवता. ती चूलही हवाच ओढते, आणि घरात येणारी वाट नाही, तेव्हा ती खालच्या भट्टीच्या धुराड्यातूनच हवा खाली खेचून घेते. भट्टीचा धूर वर जायच्या ऐवजी घरात. काळा असेल तर दिसतो, आणि त्यातला जो मारतो तो दिसतही नाही, वासही येत नाही. घेवड्याने तुम्हाला मारलं असतं, वहिनी.

आता सिद्ध करायचं, आणि शहाणपणाने. शनिवार निवडा. पॉटलला बोलवा, हे पत्र दाखवा. चूल पेटवा, पण खटक्यापाशी एक माणूस सोडून घरात कोणी थांबायचं नाही, तुम्ही तर अजिबात नाही. सगळं तुम्ही राहता तसं बंद. पॉटलने तिरपं दार आतून ओढून घेऊन दहा मिनिटं, वर एक नाही, भट्टी चालवायची, कागद काढायचा. जिन्याच्या डोक्यावर खटक्यापाशी एक माणूस उभा, त्याच्या मागे अंगणाचं दार उघडं नाही, पण हात कडीवर. मग तिरपं दार उघडायचं आणि दुसरा कागद. वेंडेल तिथे हजर हवा.

एक गोष्ट मागच्या पत्रांत खोटी लिहिली. पत्ते खेळायला मला कोणी बोलावत नाही. मुलीच्या घरामागच्या खोलीत राहतो, ती माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण सदतीस वर्षं माझ्या कमरेला निम्म्या गावाच्या तळघरांच्या किल्ल्या असायच्या. लोक बोटीवर असताना मी जाऊन भट्टी बघून यायचो. परवा पँट धुवायला टाकताना सवयीने खिसा चाचपला. खिशात एकही किल्ली नाही, वहिनी. माझ्या खोलीलासुद्धा कुलूप नाही. मी हो म्हणायला नको होतं. तुम्ही म्हणू नका.

मर्ल

---

सॉयर्स कोव्ह, माझ्या घरी
१३ जानेवारी १९८०

मर्ल,

बस आणि वाच.

काल शनिवार. तुझं पत्र मी पॉटलला दाखवलं. त्याने वाचलं, परत वाचलं, आणि कपाळावर असा हात मारला की टोपी पडली. मग बोलला, तेही दोन वाक्यं! "दर वेळी मीच उघडत होतो. मीच लावून जात होतो." एवढा बोलका मी त्याला कधी पाहिला नाही.

वेंडेल आला तो कागद आणि पेन घेऊनच. म्हणाला, "आई, हा शेवटचा हट्ट. याच्यानंतर सही." मी म्हटलं, "शेवटचा कोणाचा ते बघू." ब्यूला होती, लाटणं नव्हतं. लाइनवरचे बाकीचेही होते. उणे बारा अंश थंडीत अंगणात यात्रा भरली. कोणीतरी डोनट आणले.

मी चूल पेटवली, घेवडा सरकवला आणि बाहेर येऊन उभी राहिले. तू लिहिलंस म्हणून, नाहीतर मी राहिले नसते. जिन्यावर खटक्यापाशी कोण उभं राहणार विचारलं तर वेंडेल म्हणाला, "मी. माझी आई आहे ती." पॉटल खाली उतरला, दार ओढून घेतलं. पाच मिनिटं काही नाही. जॉयस घड्याळ बघायला लागली. सात मिनिटं. मग धुराड्याचा धूर मधेच वाकला, मर्ल, वर जाता जाता जणू त्याचा विचार बदलला, आणि आतून वेंडेल ओरडला, "आलं! जाळीतून येतंय!" खटका पडला, तो खोकत बाहेर, आणि पॉटल तिरपं दार ढकलून वर. हातात कागद. डांबरासारखा काळा.

सगळं नीट हवेशीर केलं, अर्धा तास थांबलो. मग दार उघडं ठेवून, चूल तशीच पेटलेली ठेवून, परत लावली. दुसरा कागद दुधासारखा पांढरा.

पॉटलने दोन्ही कागद वेंडेलच्या हातात दिले.  वेंडेल मान खाली घालून पायाजवळच्या फांद्यांकडे बघत राहिला, त्याच्याच हाताने ठोकलेल्या प्लास्टिककडे. मग पायरीवर बसला. "आई, मी केलं हे. मी तुला जवळजवळ..." आणि त्याने तोंड ओंजळीत लपवलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, अख्ख्या लाइनसमोर.

मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी त्याला असं सुनावीन की सात पिढ्या लक्षात ठेवतील. तीन आठवडे ब्यूलाच्या खाटेवर पडून शब्द घोळवले होते. एकही आठवला नाही. त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तू मला ऊब मिळावी म्हणून केलंस. आता ऊठ, एल्डेनचा मासे कापायचा सुरा आण, आणि कापायला लाग." कापलं त्याने. पोराने काचेचा कापूस फटीफटीतून नखांनी उपसला. पॉटल पुढच्या आठवड्यात बाहेरून भट्टीपर्यंत हवेचा नळ घालून देणार आहे, तोंडाला जाळी, उंदीर येऊ नयेत म्हणून. तोवर शनिवारी चूल नाही, घेवडा शहरातल्या बायका करतात तसा विजेच्या भांड्यात. जीव वाचवायचा तर एवढं पडतं घ्यावं लागतं.

पण ऐक, गोष्ट इथे संपली नाही. सगळे जेवले, आणि वेंडेल म्हणतो, "आई, आता तर मला झोपच लागायची नाही. आता तरी चल." आगीतून फुफाट्यात! काय माणूस आहे! मी म्हटलं, "वेंडेल, झोप तुझी आणि घर माझं. डोकं दुखलं तर मी बाहेर पडेन, बटण एकदाच दाबीन, आणि रोज सकाळी आठला ब्यूला लाइनवर मला हाक मारेल. तशीही ती असतेच, आता पगारी समजेल स्वतःला. याउपर काही मागू नकोस." आणि त्याने आणलेला सहीचा कागद उलटा करून त्यावर पॉटलच्या नळाचं माप लिहायला दिलं. कागद चांगला जाड होता.

आता तुझं. लिफाफ्यात काहीतरी टोचतंय, ते तुला लागलं असेल. वेंडेलने नाताळात माझ्या घराला लावलेलं ते पितळी कुलूप मी काढून घेतलं. वाया का घालवायचं? ते आता तळघराच्या तिरप्या दाराला आहे. दोन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे खिळ्याला. दुसरी वेंडेलने मागितली, मी दिली नाही. त्याने दार वाजवून यावं.

ती दुसरी किल्ली ही, तुझ्यासाठी. मागच्या खोलीत खाट आहे, कॅप्टन झोपतो पण तो सरकेल. जेवण सहाला असतं. ऑक्टोबरात फांद्या रचायला मला असा माणूस हवाय जो प्लास्टिक आणणार नाही, आणि नोझल बदलायला पॉटल पुरे, पण त्याच्यावर ओरडायला कोणी नाही.

मुलीला सांग, मी हो म्हटलेलं परत घेतोय. परत घेता येतं. नाही घेता आलं तर मला तिचा पत्ता पाठव, मी लिहिते.

लिओला